उंच माणसाने फॅमिलीसाठी कॅम्पिंग ट्रेलर कसा निवडायचा

कॅम्पिंग ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे ओढत न्यायचं छोटं घर. तो बघायला गेलेला उंच माणूस सगळ्यात आधी छताची उंची विचारतो, पण त्याचं घोडं खरं तर बेडपाशी अडतं. छताखाली जरा मान वाकवून दोन दिवस निघतात हो, पण रात्रभर पाय दुमडून झोपल्यावर सकाळी उठून ट्रेलर ओढत गाडी चालवायची म्हणजे कंबरेचे हाल. म्हणून मी सांगेन की आधी बेड बघा, मग बाथरूम, मग छत, आणि रंग, टीव्ही, लाइट वगैरे सगळं नंतर.

१. आधी घरी स्वतःची मापं घ्या
बूट घालून उभं राहून उंची मोजा, कारण ट्रेलरमध्ये बरेचदा बूट घालूनच आत-बाहेर होतं. मग जमिनीवर उताणं झोपून, डोक्याखाली उशी घेऊन, पायाच्या टोकापर्यंत मोजा. पावलं पुढे झुकतात आणि उशीमुळे डोकंही थोडं वर सरकतं, त्यामुळे उंचीपेक्षा चार-पाच इंच जास्तच धरा. तिसरं माप खुर्चीत ताठ बसून, बैठकीपासून डोक्यापर्यंतचं. हे सगळं बायको-मुलांचंही घ्या, आणि मुलांच्या मापात वाढ धरा कारण उंच आईबापाची पोरं बहुतेक उंचच होतात, आज बंक बेडवर (एकावर एक असलेल्या अरुंद बेडवर) मजेत मावणारं पोरगं तीन-चार वर्षांत मावणार नाही.

२. बेडवर खरंच झोपून बघा
घरच्या क्वीन गादीची लांबी ८० इंच असते, पण ट्रेलरमध्ये क्वीन म्हणून जी देतात ती बरेचदा ७४-७५ इंचच भरते. ६ फूट ३ इंच म्हणजे बरोबर ७५ इंच, म्हणजे एवढ्या उंचीच्या माणसाचं डोकं आणि पाय दोन्ही टेकणार. ब्रोशरमध्ये नुसतं 'क्वीन बेड' लिहिलं असेल तर विश्वास ठेवू नका, टेप लावा.

बेड कुठल्या दिशेला आहे हेही तितकंच महत्त्वाचं. ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने लावलेला बेड असेल आणि पायाकडे भिंत किंवा फळी नसेल तर पावलं थोडी बाहेर काढून तरी झोपता येतं, शिवाय पायाकडची जागा मोकळी असेल तर जास्त लांबीची गादी टाकायचा मार्गही उघडा राहतो. आडवा बेड मात्र दोन भिंतींमध्ये अडकलेला असतो, तिथे काहीच करता येत नाही, आणि बाहेरून सात फूट रुंद ट्रेलर भिंतींची जाडी गेल्यावर आतून अजून कमी भरतो. आणि आडव्या बेडवर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं, लहान मूल असेल तर हे रोजचंच होतं.

पोरांच्या बंकवर लांबीसोबत वरची मोकळी जागाही बघा, उठून बसता येतंय का ते. बंकला वजनाची मर्यादा असते, ती लेबलवर वाचून घ्या. जेवणाचं टेबल खाली करून होणारा बेड उंच माणसासाठी सहसा आखूडच पडतो, तो लहान मुलाला द्या.

३. बाथरूममध्ये आत जाऊन दार लावा
इथे लोक नुसतं डोकावून परत येतात. शॉवरचा तळ बरेचदा बाकीच्या फरशीपेक्षा वर उचललेला असतो, त्यामुळे छत साडेसहा फुटांवर असलं तरी शॉवरमध्ये उंची तेवढी मिळत नाही. छतात वर फुगलेला पारदर्शक घुमट असेल तर डोकं त्यात जातं आणि फार फरक पडतो, फक्त तो बरोबर तुम्ही उभे राहता तिथेच आहे ना ते बघा. मग आत उभं राहून केस धुतल्यासारखे हात वर करा, कोपर आपटलं तर रोज आपटणार. कमोडवर बसून दार लावा, गुडघे दाराला लागतात का ते तिथेच कळेल.

४. आता छत
साडेसहा फूट उंची बऱ्याच ट्रेलरमध्ये मिळते, पण ते माप मोकळ्या जागेचं. छताचा एसी खाली लोंबतो, लाइट लोंबतात, सरकून बाहेर जाणाऱ्या भागात छत खाली असतं, गोलाकार ट्रेलरमध्ये पूर्ण उंची फक्त मधोमध मिळते. प्रवेशाचं दार तर आतल्या उंचीपेक्षा बरेचदा कमी. बूट घालून डोक्यावर दोन-तीन इंच राहिले पाहिजेत. पॉप-अपमध्ये, म्हणजे छत वर उचलून कापडी बाजू उघडायच्या ट्रेलरमध्ये, मधे उभं राहता येतं पण कडेच्या कापडाखाली बसावंच लागतं. टियरड्रॉप, म्हणजे थेंबाच्या आकाराचा, आत फक्त झोपण्यापुरती जागा असलेला छोटा ट्रेलर, फॅमिलीसाठी सोडूनच द्या.

५. टेबलाशी सगळे एकत्र बसा
समोरासमोरच्या बाकांवर दोन उंच माणसांचे गुडघे भिडतात. यू आकाराची बैठक असेल तर बरं. पाऊस लागला की अख्खं घर तिथेच बसणार आहे.

६. ओढणाऱ्या गाडीचा हिशेब
गाडीचा पेलोड म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजन पेलू शकते ती मर्यादा; आत बसलेली माणसं, सामान, आणि ट्रेलरचं हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या कडीवर) येणारं वजन, हे सगळं मिळून त्यात बसलं पाहिजे. साध्या मागे लावायच्या ट्रेलरचं हे हिचवरचं वजन भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के धरायची पद्धत आहे. समजा पेलोड ५५० किलो, चौघांचं वजन २८० आणि हिचवर २००, उरले फक्त ७० किलो सामानाला. धिप्पाड कुटुंबाला हे लवकर टोचतं. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की ट्रेलरमध्ये १०० किलो वाढले, तेही धरा. आणि ड्रायव्हर उंच असला की त्याची सीट पार मागे जाते, तेव्हा त्याच्या मागे मुलाची सीट बसते का ते बघून ठेवा.

७. घ्यायच्या आधी भाड्याने
त्याच फ्लोअर प्लॅनचा ट्रेलर भाड्याने मिळत असेल तर दोन रात्री सगळ्यांनी राहून या. शोरूममध्ये दहा मिनिटं झोपून जे कळत नाही ते पहाटे तीनला कूस बदलताना कळतं. विकत घेतल्यावर पहिल्या ट्रिपचं सगळं सामान, माणसं, पाणी भरून गाडी-ट्रेलर वजनकाट्यावर न्या, आणि हिचवर वजन कमी पडत असेल तर जड सामान चाकांच्या पुढे सरकवा, नाहीतर वेगात ट्रेलर डोलायला लागतो.