होय-नाहीचा डाव कुठे फसतो? काल्पनिक राज्यातील गोष्टी ओळखताना या चुका टाळा

एकाने मनात एक गोष्ट धरायची आणि बाकीच्यांनी फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारत वीस प्रश्नांच्या आत ती ओळखायची, हा खेळ बहुतेक घरांत कधी ना कधी खेळला गेलेला असतो. अमेरिकेच्या रेडिओवर तो १९४६ मध्ये आणि बीबीसीवर १९४७ मध्ये कार्यक्रम म्हणून सुरू झाला, पण त्याआधीही तो घरोघरी होताच. आमच्याकडे त्याला जे रूप आले ते सांगलीच्या २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात. गावभागातील घर सोडून आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे राहिलो होतो. वीज नव्हती, शाळा बंद होत्या आणि घरात पाच मुले होती. पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले याच्या बातम्या ऐकता ऐकता या मुलांनी कृष्णेच्या तळाशी एक राज्य वसवले. त्यात बोलणारी मगर होती, नावाडी होता, त्याची हरवलेली सावली होती, बुडालेली घंटा होती. मुलांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे अशा बत्तीस गोष्टींची यादी केली आणि होय-नाहीचा डाव त्या यादीवरच रंगू लागला. त्यानंतरच्या प्रत्येक सुट्टीत तो खेळला गेला आहे आणि बहुतेक वेळा पंच मी होतो.

डाव फसला की प्रश्न विचारणाऱ्यांना दोष दिला जातो: नीट विचारले नाही, लक्ष दिले नाही. इतक्या सुट्ट्यांनंतर माझे मत याच्या उलट झाले आहे. डाव मोडतो तो बहुधा उत्तर देणाऱ्याकडून आणि खेळ सुरू होण्यापूर्वी जे ठरवायला हवे होते ते न ठरवल्यामुळे. ओळखायची गोष्ट खऱ्या जगातली असेल तर हे फारसे जाणवत नाही. काल्पनिक राज्यात मात्र पहिल्याच प्रश्नाला जाणवते.

'सजीव आहे का?' हा प्रश्न सोपा समजणे

एका डावात भाचीने नावाड्याची सावली मनात धरली होती. पहिला प्रश्न नेहमीप्रमाणे 'सजीव आहे का?' असा आला आणि तिने 'नाही' म्हटले. मुलांनी यादीतील सगळ्या सजीवांवर काट मारली आणि उरलेल्या गोष्टींचा माग घेत मुले सातव्या प्रश्नाला 'बोलता येते का?' इथपर्यंत पोचली. उत्तर आले, 'होय'. काट न मारलेल्यांपैकी कोणीच बोलत नाही असा मुलांचा हिशेब असल्यामुळे 'रडीचा डाव' म्हणून एकच आरडाओरडा झाला. भाची रडवेली होऊन सांगत होती की सावली जेवत नाही, मोठी होत नाही, मग ती सजीव कशी? इतरांचे म्हणणे असे की जी बोलते ती सजीवच. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या. चूक त्यांच्यापैकी कोणाचीही नव्हती. त्या राज्यात सजीव कशाला म्हणायचे हे कोणी ठरवलेच नव्हते.

म्हणून यादी तयार झाली की लगेच त्या राज्याचे कायदे कागदावर उतरवावेत. जे बोलते ते सजीव मानायचे का? मेलेला माणूस भूत होऊन वावरत असेल तर त्याला 'माणूस' म्हणायचे का? रूप बदलणारे पात्र असेल तर उत्तरे त्याच्या कोणत्या रूपाबद्दल द्यायची? आणि सगळ्यांत जास्त भांडणे लावणारा मुद्दा म्हणजे उत्तर कोणत्या काळचे. आमच्या राज्याचा राजा आधी मासा होता. 'त्याला पंख आहेत का?' या प्रश्नाला माशाचे कल्ले आणि पर आठवून कोणी 'होय' म्हटले की पुढचा सगळा डाव भलतीकडे जातो. आम्ही ठरवले की गोष्टीच्या शेवटी जी अवस्था असेल तिचेच उत्तर द्यायचे. तुम्ही दुसरे काही ठरवा, पण ठरवा.

जुन्या पद्धतीत मनातली गोष्ट प्राणी, वनस्पती की खनिज एवढे आधीच सांगून टाकतात, आणि प्राण्यापासून बनलेली वस्तूही 'प्राणी' याच सदरात धरतात. त्या हिशेबाने चामड्याची कोल्हापुरी चप्पल प्राणी ठरते आणि वहीचा कागद वनस्पती. साताऱ्याचा कंदी पेढा दुधामुळे प्राणी आणि साखरेमुळे वनस्पती, असा दोन्हीकडे जातो. अशा वेळी 'मिश्र' असे स्पष्ट सांगावे. काल्पनिक राज्यासाठी ही तीन सदरे पुरत नाहीत. आम्ही त्यांत 'मंत्राने झालेले' हे चौथे सदर जोडले आणि निम्मी भांडणे मिटली.

सगळ्यांनाच लागू पडणारा प्रश्न विचारणे

विचारणाऱ्यांची म्हणून एकच मोठी चूक मी सांगेन. चांगला प्रश्न तो, ज्याच्या उत्तराने उरलेल्या गोष्टी जवळपास निम्म्या होतात. बत्तीसच्या सोळा, सोळाच्या आठ, मग चार, दोन, एक; पाच प्रश्नांत काम होते. याच चालीने वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींमधून नेमकी एक काढता येते. सुरुवातीलाच 'मगर आहे का?' असे विचारणाऱ्याला 'नाही' ऐकून फक्त एक गोष्ट कमी करता येते आणि एकतीस शिल्लक राहतात.

हे मुलांना लवकर कळते. कळायला वेळ लागतो तो याचा, की खऱ्या जगातला उत्तम प्रश्न काल्पनिक जगात अगदी निरुपयोगी असू शकतो. 'पाण्यात राहते का?' हा एरवी चांगला प्रश्न आहे, पण नदीच्या तळाच्या राज्यात सगळेच पाण्यात राहतात आणि त्या प्रश्नाने यादीतली एकही गोष्ट गळत नाही. शेजारच्या मुलीने तोच प्रश्न फिरवून 'पाण्याबाहेर येता येते का?' असा विचारला, तेव्हा यादी जवळजवळ मधोमध कापली गेली. तेव्हा नेहमीचे प्रश्न पाठ करून येऊ नये; समोरच्या यादीवर एकदा बोट फिरवून यातल्या निम्म्यांत आहे आणि निम्म्यांत नाही असे काय आहे ते शोधावे.

'तो राजा आहे की नोकर?' असा 'की' घातलेला प्रश्न बाद धरावा आणि तो वीसात मोजू नये, म्हणजे लहान मुले हिरमुसत नाहीत.

क्रियापदातून गुपित फुटणे

ही चूक मराठीत खेळणाऱ्यांची खास आहे. इंग्रजीत खेळताना तिची धास्ती फारशी नसते, म्हणून तिच्याबद्दल बाहेरच्या नियमांत काही सापडत नाही. आपल्या भाषेत प्रत्येक नामाला लिंग आहे आणि ते क्रियापदात उमटते. 'वर येते का?' असे विचारल्यावर उत्तर देणारा भाबडेपणाने 'होय, येतो की!' म्हणाला, तर त्याने एका अक्षरात मगर, घंटा, सावली, भिंगरी या सगळ्या एका झटक्यात बाहेर काढल्या. एका डावात धाकट्या भाच्याने तिसऱ्याच प्रश्नाला 'नाही, तो कधीच वर येत नाही' असे उत्तर दिले आणि पलीकडच्या मुलीने प्रश्न न विचारताच यादीतल्या स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नावांवर रेघा ओढायला सुरुवात केली. तिने पेन्सिल हातात घेतली तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आले की आपण काय बोलून बसलो. आमच्या बोलीत तर हे आणखी लवकर कळते, कारण सांगलीकडे 'ती येती, जाती' असे म्हणतात. म्हणजे प्रमाण भाषेत 'येते' या रूपात स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग जे एकमेकांआड लपतात, ते इथे उघडे पडतात.

उपाय सोपा आहे, पण कटाक्षाने पाळावा लागतो. प्रश्न आणि उत्तर दोन्हींत मनातल्या वस्तूला कायम 'ती गोष्ट' म्हणायचे आणि सगळी क्रियापदे 'गोष्ट' या शब्दाप्रमाणे स्त्रीलिंगी चालवायची, मग मनात राजा असो नाहीतर घंटा. 'ती गोष्ट वर येते का?' 'होय, ती गोष्ट वर येते.' सुरुवातीला हे कृत्रिम वाटते. चार-पाच डावांनंतर जिभेला वळण पडते. अनेकवचनाचीही हीच गत आहे. 'येत नाहीत' म्हटले की एकापेक्षा जास्त वस्तू आहेत हे समोरच्याला फुकटात कळते.

मग नुसतेच 'होय' किंवा 'नाही' का म्हणू नये? कारण तिथे दुसरा खड्डा आहे. 'ती गोष्ट उडत नाही ना?' या प्रश्नाला कोणी 'नाही' म्हणतो, म्हणजे उडत नाही. आणि कोणी 'होय' म्हणतो, म्हणजे तुझे म्हणणे बरोबर, ती उडत नाही. दोघांचे म्हणणे एकच आणि शब्द उलटे. मराठीत दोन्ही बोलणी रुळलेली असल्यामुळे कोणालाही चुकीचे ठरवता येत नाही. त्यामुळे प्रश्न होकारार्थीच विचारावा, त्यात 'ना' लावू नये आणि उत्तर देणाऱ्याने 'ती गोष्ट उडत नाही' असे पूर्ण वाक्य बोलावे.

मधेच मनातली गोष्ट बदलणे

समोरचे जवळ पोचले की मनात घंटा धरलेला मुलगा हळूच शंखावर जातो. याला औषध एकच: डाव सुरू करतानाच गोष्टीचे नाव चिठ्ठीवर लिहून ती पंचाकडे घडी घालून द्यायची.

मात्र बदलण्याचाच खेळ करायचा असेल तर त्याचीही एक प्रामाणिक रीत आहे आणि ती मला मनापासून आवडते. भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर हे एकदा हा खेळ खेळताना खोलीबाहेर गेले, तेव्हा आतल्या मंडळींनी कोणताही शब्द न ठरवण्याचे ठरवले. अट एवढीच की प्रत्येकाने उत्तर देताना आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळणारी एक तरी वस्तू मनात असली पाहिजे. उत्तरे पुढे पुढे मंदावत गेली, कारण प्रत्येकाला जास्त विचार करावा लागत होता, आणि शेवटी व्हीलर यांनी 'ढग' म्हटल्यावर सगळ्यांनी होकार दिला. हा प्रकार मोठ्या मुलांना जरूर शिकवावा, परंतु तो चालू आहे हे डाव संपल्यावर सांगितलेच पाहिजे.

खोटे बोलणाऱ्या मगरीला मोकाट सोडणे

काल्पनिक राज्यात एक तरी लबाड पात्र असतेच आणि मुलांना ते खेळात आणायचे असते. आमच्याकडे उत्तर देणारा 'मगर' झाला की त्याला खोटे बोलण्याची मुभा मिळत असे. किती वेळा, हे ठरलेले नसल्यामुळे पहिले दोन-तीन डाव पार बुडाले. कोणत्याच उत्तरावर विश्वास ठेवता येईना.

खोटे एकदाच आणि तेही हवे तेव्हा, अशी मर्यादा घातली की डाव पुन्हा उभा राहतो. गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम यांनी १९७६ मधील आत्मचरित्रात हाच प्रश्न मांडला होता: दहा लाखांपर्यंतची एक संख्या मनात धरली आणि एखाद्या वेळी खोटे उत्तर देण्याची सूट दिली, तर किती प्रश्न लागतील? आंजेय पेल्त्स यांनी १९८७ मध्ये याचे उत्तर २५ असे सिद्ध केले. खोटे नसते तर २० पुरले असते. त्याच हिशेबाने आमच्या बत्तीस गोष्टींना पाचाऐवजी नऊ प्रश्न लागतात. ती नऊ प्रश्नांची आखणी मुलांना जमण्यासारखी नाही, त्यामुळे मी त्यांना सोपी वाट दाखवली. प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा. दोन्ही उत्तरे सारखी आली तर ते खरे. वेगवेगळी आली तर तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायचा, दोनदा आलेले उत्तर खरे मानायचे आणि मगरीचे खोटे संपले म्हणून उरलेले प्रश्न एकेकदाच विचारायचे. असे केले तर जास्तीत जास्त अकरा प्रश्न लागतात. प्रश्नांची संख्या वाढवून न देता खोट्याची सूट देणे हा विचारणाऱ्यांवर अन्याय आहे.

शेवटचा अंदाज आणि कच्चे लिंबू

'घंटा आहे का?' हा थेट अंदाजही एक प्रश्नच आहे आणि तो वीसात धरायचा, हे आधी सांगून ठेवावे. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना कच्चे लिंबू म्हणून नुसते बसवून ठेवू नये. त्यांच्याकडे दर प्रश्नाला एक रेघ ओढून रेघा मोजण्याचे काम द्यावे.

आणि कोणाला गोष्ट ओळखता आली नाही तर लगेच पुढचा डाव लावू नये. चिठ्ठी उघडून वीसही प्रश्न पुन्हा वाचावेत आणि प्रत्येक उत्तर त्या गोष्टीशी ताडून पाहावे. गेल्या मे महिन्यात असे वाचताना रेघा मोजणाऱ्या सर्वांत धाकट्या मुलीने अकराव्या रेघेवर बोट ठेवले. 'आवाज येतो का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिले गेले होते आणि चिठ्ठीत होती बुडालेली घंटा. उत्तर देणाऱ्याचे म्हणणे होते की पाण्याखाली घंटा वाजत नाही. धाकटीचे म्हणणे होते की मगरीने शेपूट मारली की वाजते. मग सगळी मुले पुन्हा त्या दिनदर्शिकेच्या पानाभोवती बसली आणि कायद्यांच्या खाली एक नवी ओळ लिहिली गेली: पाण्याखालच्या घंटेचा आवाज येतो.