कोयासानला एक रात्र, मैत्रिणीसोबत

ओसाकाला दोन दिवस हाताशी असतील तर क्योटोची देवळं धावतपळत उरकण्यापेक्षा सरळ कोयासान गाठा. वाकायामा प्रांतातल्या डोंगरात, साधारण 800 मीटर उंचीवर, कुकाई नावाच्या बौद्ध भिक्षूने 816 साली इथे मठ उभारायला सम्राटाकडून परवानगी मिळवली. आज तिथे शंभरावर देवळं आहेत आणि त्यांतल्या पन्नासेक देवळांत मुक्काम करता येतो. या सोयीला शुकुबो म्हणतात. एकट्या माणसाला काही देवळं खोली देत नाहीत, त्यामुळे सोबत असलेली बरी. पण कोणाची, ते नीट बघून ठरवा. संध्याकाळी साडेपाच-सहाला जेवण, रात्री लवकर न्हाणीघर बंद, सकाळी सहा-साडेसहाला प्रार्थना. ‘सुट्टीत तरी झोपू दे की’ म्हणणारी मैत्रीण इथे नको. घोरणारी तर नकोच. जुन्या देवळांत दोन खोल्यांमध्ये नुसती सरकती दारं असतात, पलीकडच्या पाहुण्यांचीही झोपमोड व्हायची.

ओसाकाच्या नांबा स्थानकावरून नानकाई रेल्वेने निघायचं. आरक्षण असलेली एक्स्प्रेस दीड तासाच्या आत गोकुराकुबाशी या शेवटच्या स्थानकाला सोडते. साध्या गाडीला जास्त वेळ लागतो आणि बहुतेक वेळा हाशिमोतोला गाडी बदलावी लागते. पुढे पाच मिनिटं केबल कार, मग बस. वरच्या स्टेशनपासून गावात चालत जायला मनाई आहे, तेव्हा ‘पाय मोकळे करू’ वगैरे बेत नकोत. मोठ्या बॅगा ओसाकातच ठेवा आणि पाचच्या आत देवळात हजर व्हा, जेवण तुमच्यासाठी थांबत नाही.

दोघी बायकाच असाल तर बस गावात शिरते तिथे न्योनिन्दो या बायकांसाठीच्या प्रार्थनागृहापाशी जरूर उतरा. 1872 मध्ये सरकारने बंदी उठवेपर्यंत बायकांना याच्या पुढे जाता येत नसे. यात्रेकरू बायका इथेच प्रार्थना करायच्या.

देवळात शिरताना बूट काढायचे, सपाता घालायच्या आणि ततामीवर, म्हणजे खोलीतल्या चटईवर, पाऊल टाकण्याआधी त्याही काढायच्या. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या घालून बाहेर आलात तर सगळे बघतील. खोलीत युकाता हा सुती अंगरखा ठेवलेला असतो. तो घालताना डावी बाजू वर आली पाहिजे, उजवी बाजू वर घेतात ती मृताला नेसवताना. न्हाणीघर सामाईक, बायकांचं वेगळं, आणि अंगावर काहीही ठेवायचं नाही. मैत्रिणीला हे निघण्याआधीच सांगा. ती फारच लाजत असेल तर दोघींनी वेगवेगळ्या वेळी जा. स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची आणि मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं, कारण तेच पाणी सगळ्यांना वापरायचं असतं.

जेवण मात्र निवांत घ्या. शोजिन र्‍योरी म्हणजे मठातला स्वयंपाक: मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या मैत्रिणीला जपानात इतकं निर्धास्त जेवण क्वचितच मिळेल. लाखेच्या तबकात छोट्या छोट्या वाट्या येतात. नावात टोफू असला तरी गोमादोफूत सोयाबीन नसतं; वाटलेले तीळ कुझू नावाच्या कंदाच्या पिठात घोटून केलेली ती मऊ वडी असते. कोयादोफू म्हणजे गोठवून सुकवलेला टोफू, तो रस्सा पिऊन टम्म फुगतो. (बऱ्याच देवळांत मागितली तर बिअरही मिळते. मला गंमत वाटली.)

काही देवळांत सकाळी प्रार्थनेनंतर गोमा हा अग्निविधी असतो. आपल्याकडचा होम पाहिलेल्याला त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं. खोली घेतानाच त्याची चौकशी करा.

नाश्ता झाला की ओकुनोइन, म्हणजे इथलं जुनं समाधिस्थळ. ओकुनोइन-माए हा बसथांबा जवळचा असला तरी तिथे उतरू नका, इचिनोहाशी पुलापासून चालायला लागा. दोन किलोमीटरची वाट, दुतर्फा उंच देवदारासारखी सुगी झाडं आणि दोन लाखांवर समाध्या आणि स्मारकं. वर्षानुवर्षं एकमेकांशी लढलेले सोळाव्या शतकातले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन यांची स्मारकं इथे जवळजवळ समोरासमोर आहेत. एखाद्या पाच थरांच्या दगडी समाधीपाशी थांबा. खालून चौकोन, गोल, त्रिकोण, अर्धचंद्र आणि वर रत्नाचा आकार: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली असतात, खालून वर अ, व, र, ह, ख. ही लिपी ब्राह्मीच्याच घराण्यातली, म्हणजे देवनागरीची नातेवाईक. शेवाळ नसलेला दगड शोधा आणि दोघी मिळून अक्षरं लावायचा प्रयत्न करा, अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

गोब्योबाशी पुलापासून पुढे टोपी काढायची, फोन पर्समध्ये टाकायचा. कुकाई 835 पासून पुलापलीकडे ध्यानस्थ बसले आहेत अशी श्रद्धा आहे आणि त्यांच्यासाठी रोज दोनदा जेवण नेलं जातं. साडेदहाच्या आसपास पुलाजवळ असाल तर लाकडी पेटी घेऊन चाललेले भिक्षू दिसतील. परतताना मात्र बसथांब्याकडची नवी वाट धरा. तिथे कंपन्यांची स्मारकं आहेत, एक तर चक्क रॉकेटच्या आकाराचं, आणि मारल्या गेलेल्या वाळवीसाठीसुद्धा एक आहे.

खाली ओसाकात भूक लागली तर जपून. दिसायला शाकाहारी असलेल्या मिसो सूपमध्ये आणि उडॉन या जाड शेवयांच्या रश्शात बहुतेक ठिकाणी सुक्या बोनिटो माशाचा अर्क असतो. ‘कात्सुओ (म्हणजे बोनिटो) नाही ना?’ असं नाव घेऊनच विचारा, नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही.