अतिअकाली जन्मलेल्या बाळाचा हार्मोन रिपोर्ट वाचताना

३२ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाचा एफएसएच, एलएच (अंडाशय व वृषणांना चालना देणारे हार्मोन) किंवा टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट हाती आला, की आकड्यापुढच्या बाणाकडे पाहण्याआधी कोपऱ्यात पेनाने तीन गोष्टी लिहाव्यात : जन्माच्या वेळचे गर्भवय, जन्मानंतरचे दिवस आणि या दोहोंची बेरीज. २६व्या आठवड्यात जन्मलेली मुलगी सहा आठवड्यांची झाली, म्हणजे आज ती ३२ आठवड्यांची आहे. रिपोर्टवर छापलेली मर्यादा मात्र पूर्ण दिवसांच्या बाळांची, कित्येकदा तर प्रौढांची असते.

हा फरक का पडतो, तर गर्भावस्थेच्या मध्यावर पीयूषिका ग्रंथी (मेंदूच्या तळाची पिट्युटरी) एलएच आणि एफएसएच भरपूर सोडते आणि पुढे वारेतून येणारे इस्ट्रोजेन तिला आवर घालते. अकाली प्रसूतीत हा आवर फार लवकर सुटतो आणि अपरिपक्व अंडाशयाकडून उलट इशारा पुरेसा मिळत नाही, त्यामुळे मुलींमध्ये एफएसएच खूप वाढतो आणि साधारण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपर्यंत चढाच राहू शकतो. वरच्या मुलीचा एफएसएच लिटरला १०० युनिटांच्या आसपास आला, तर तेवढ्यावरून अंडाशय निकामी ठरवू नये. मुलग्यांमध्ये एलएच आणि टेस्टोस्टेरॉन पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा वर जातात. मुलींमध्ये एफएसएच सहसा एलएचपेक्षा जास्त असतो, मुलग्यांत उलट. एकेकट्या आकड्यापेक्षा हे गुणोत्तर मला अधिक बोलके वाटते.

पहिल्या दोन-तीन दिवसांच्या नमुन्यात वारेकडून आलेले हार्मोनही मोजले जातात, म्हणून घाई नसेल तर आठवडाभर थांबावे. बाह्य जननेंद्रियांवरून मुलगा की मुलगी हे स्पष्ट होत नसेल, तर मात्र थांबू नये. अधिवृक्क (मूत्रपिंडावरील अॅड्रिनल) ग्रंथीचा जन्मजात विकार असू शकतो, म्हणून सोडियम, पोटॅशियम आणि साखर लगेच पाहावी व पुढेही तपासत राहावी. या विकारात वाढणारे १७-ओएचपी हे स्टेरॉइड अकाली बाळांत आजार नसतानाही वाढलेला दिसतो, कारण अधिवृक्क ग्रंथीतील इतर स्टेरॉइड साध्या इम्युनोअॅसेमध्ये (प्रतिपिंडांनी केलेल्या मोजणीत) त्याच्याच नावावर मोजले जातात. टेस्टोस्टेरॉनचेही तसेच, त्यामुळे शंका आल्यास मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वस्तुमानावरून त्यांना वेगळे ओळखणाऱ्या पद्धतीने) फेरतपासणी मागावी. शिवाय या मुलींच्या बाह्य ओष्ठांत चरबी नसल्याने शिश्निका (क्लिटोरिस) नुसत्या नजरेला मोठी वाटते. ती मोजूनच नोंदवावी.

खालची पातळीही तितकीच काळजीपूर्वक वाचावी. शिश्न फार लहान, वृषणे न उतरलेली आणि पहिल्या काही महिन्यांत एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन तिन्ही कमी, असे एकत्र दिसले तर पीयूषिका ग्रंथीच्या दोषाचा विचार करावा. वृषणे न उतरणे एवढेच असेल, तर ते अकाली बाळांत नेहमीचेच आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध चालू असल्यास तसे रिपोर्टवर लिहावे, कारण त्याने पातळी दबू शकते. एककही तपासावे : लिटरला १ नॅनोमोल टेस्टोस्टेरॉन म्हणजे डेसिलिटरला सुमारे २९ नॅनोग्रॅम.

अपेक्षित तारखेच्या सुमारास मुलीच्या योनीओष्ठांवर आणि मांड्यांवर सूज आली व एस्ट्राडायॉल (मुख्य इस्ट्रोजेन) वाढलेले असले, तर सोनोग्राफीत अंडाशयातील गाठी शोधाव्यात. हा दुर्मिळ प्रकार बहुधा आपोआप ओसरतो.

९०० ग्रॅमच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त जेमतेम ८० मिलिलिटर असते. म्हणून उत्तराने उपचार बदलणार असेल तरच नमुना काढावा, आणि पुन्हा काढायचा झाल्यास तो बाळाच्या कितव्या आठवड्यात, हे आजच्याच रिपोर्टवर लिहून ठेवावे.