पाकट ओळखताना : आधी शेपूट, मग डीएनए

कोकण किनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात आणि मालवणकडे ज्याला वागळी हेही नाव आहे, त्या एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक प्रजाती विकल्या जातात. खाणाऱ्याचे त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु मॅक्युलाबॅटिस बिनीशी आणि मॅक्युलाबॅटिस अरेबिका या भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणाऱ्या दोन पाकटांचे शास्त्रीय वर्णन थेट 2016 मध्ये झाले आणि आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्या दोन्ही अतिसंकटग्रस्त गणल्या जातात, हे लक्षात घेतले की नोंदवहीत सगळ्यांपुढे नुसते ‘पाकट’ लिहिल्याने काय हरवते ते कळते. बंदरावर उतरलेल्या मेलेल्या पाकटाची प्रजाती कशी ठरवावी, हे पुढे सांगितले आहे. त्यातली पहिली अट अशी की शरीराची नोंद पूर्ण झाल्याशिवाय डीएनएसाठी तुकडा कापू नये.

सर्वांत आधी पाहायचे ते शेपूट, आणि नेमके तेच पुष्कळदा जागेवर नसते. काटा लागू नये म्हणून खलाशी होडीवरच ते तोडून समुद्रात टाकतात, आणि धक्क्यावर येतो तो केवळ चकतीसारखा धडाचा भाग. चकतीच्या रुंदीच्या तुलनेत शेपूट किती लांब आहे, त्याच्या खालच्या बाजूला कातडीची झालर आहे की ते चाबकासारखे सपाट निमुळते होत गेले आहे, त्यावर काळे-पांढरे पट्टे आहेत का आणि काटा बुडापासून किती अंतरावर आहे, या चार गोष्टींतून अर्धी ओळख पटते. गाईच्या शेपटीवरून इंग्रजी नाव पडलेल्या पॅस्टिनाकस वंशातील पाकटांना काट्याच्या मागे खालच्या अंगाला रुंद झालर असते; लाल यादीत संकटग्रस्त असलेल्या मॅक्युलाबॅटिस गेरार्डीला झालर नसते, पण पट्टे असतात, आणि पिल्लांत ते अधिक ठळक दिसतात; बिनीशीचे तर इंग्रजी नावच आखूड शेपटीवरून पडले आहे. म्हणून ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की शेपूट तोडलेच तर टाकू नका, त्याच माशाला सुतळीने बांधून आणा. मेलेल्या पाकटाच्या काट्यावरही विष शिल्लक असते. शेपूट हाताळण्यापूर्वी काट्याला रबरी नळीचा तुकडा घालावा, आणि तरीही तो लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम बुडवून ठेवून दवाखाना गाठावा.

त्यानंतर चकती. लिलावासाठी मांडताना पाकटे बऱ्याचदा पांढरे पोट वर करून ठेवलेली असतात, त्यामुळे मासा उलटा करून, पाठीवरचा बुळबुळीत थर समुद्राच्या पाण्याने धुऊन, मगच फोटो घ्यावा. गोड्या पाण्याच्या नळाखाली धुऊ नये. रुंदी एका परटोकापासून दुसऱ्या परटोकापर्यंत सरळ मोजावी, पाठीच्या फुगवट्यावरून टेप फिरवू नये. एक फोटो पाठीचा, एक पोटाचा, एक तोंड व नाकपुड्यांजवळचा आणि एक खांद्यांच्या मधोमध असलेल्या खवल्यांचा, असे चार फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढावेत. त्या जागी बोट फिरवले की मोत्यासारखे एक-दोन मोठे खवले लागतात किंवा बारीक खरखरीत पट्टा जाणवतो. त्यांची संख्या, आकार आणि पट्ट्याची रुंदी ही चाबूकशेपटी पाकटांत रंगापेक्षा भरवशाची खूण आहे. रंगावर फार विसंबू नये. हिमान्तुरा लेओपार्डाच्या पिल्लाच्या अंगावर सुटे काळे ठिपके असतात आणि प्रौढ झाल्यावर त्यांचीच बिबट्यासारखी वलये होतात, तर हिमान्तुरा उआर्नाक आणि हिमान्तुरा उंडुलाटा या तिच्या जवळच्या नातलगांची नक्षीही वयानुसार बदलत जाते. त्यामुळे ठिपक्यांवरून नाव सांगण्यापूर्वी मासा पिल्लू आहे की प्रौढ, हे ठरवणे भाग असते. नरांत ते सोपे आहे : पोटाखालचे क्लास्पर हे दोन लांबट अवयव कडक झालेले असतील तर नर प्रौढ असतो.

पाठ काटेरी आणि शेपटीला डंखाचा काटा नाही, असे पाकट आढळले तर तेथेच थांबावे. तो उरोजिम्नस अस्पेरिमस असू शकतो, ज्याचा समावेश 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 मध्ये झाला. अशा माशाचा फोटो काढून वन विभागाला कळवावे. परवानगीशिवाय त्याचा तुकडा घेऊ नये.

आता तुकड्याविषयी. ढिगातल्या माशांचा चिकट स्राव एकमेकांना लागलेला असतो, म्हणून वरची कातडी सोलून आतल्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा स्वच्छ पात्याने घ्यावा, प्रत्येक माशासाठी पाते बदलावे आणि तुकड्याच्या दसपट 95 टक्के इथेनॉलमध्ये तो बुडवावा. अख्खा मासा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा असेल तर तुकडा त्याआधीच काढावा, कारण फॉर्मॅलिन डीएनए खराब करते. बाटलीत घालायची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी. मी पहिल्या खेपेस बॉलपेनने लिहिली होती आणि आठवड्याने सगळ्या बाटल्यांत फिकट निळे पाणी व कोरे कागद उरले. फोटो क्रमवार होते, तरी कोणता तुकडा कोणत्या फोटोतला, हे सांगण्याची सोय राहिली नव्हती.

प्रयोगशाळेत मायटोकॉन्ड्रियातील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांतील) सीओआय जनुकाचा सुमारे 650 अक्षरांचा तुकडा पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवून दोन्ही दिशांनी वाचला जातो. जवळच्या प्रजाती त्यावरून वेगळ्या निघत नसतील तर 1044 अक्षरांचे एनडी2 जनुक घ्यावे, कारण पाकट व मुशींच्या तुलनेसाठी त्याचा भरपूर वापर झालेला आहे. वाचन हाती आल्यावर आलेखाची दोन्ही अस्पष्ट टोके छाटावीत आणि उरलेल्या भागाचे प्रथिनात भाषांतर करून पाहावे. मध्येच थांब-संकेत (प्रथिन येथे संपते अशी खूण) आला तर वाचनात चूक आहे किंवा हाती जनुकाची निरुपयोगी नक्कल आलेली आहे.

यानंतरच्या पायरीवर सर्वाधिक चुका होतात. जेनबँक या डीएनए-क्रमांच्या खुल्या संग्रहात क्रम टाकला की 99 टक्के जुळणारे नाव सर्वांत वर येते, आणि घाईतला माणूस तेच उतरवून घेतो. परंतु तेथील नाव कोणीतरी, कधीतरी, मासा डोळ्यांनी पाहूनच दिलेले असते. 2016 मध्ये या कुलाची फेरमांडणी होण्यापूर्वी जमा झालेल्या नोंदींत आजचे मॅक्युलाबॅटिस, ब्रेव्हिट्रायगॉन आणि पॅटिओबॅटिस वंशांतले अनेक मासे हिमान्तुरा याच नावाने आढळतात. म्हणून पहिल्या दहा-पंधरा जुळण्या उघडून, नमुना संग्रहालयात जपलेला आहे का, तो कोठे पकडला आणि नोंद कोणत्या वर्षाची, हे पाहावे, आणि खात्रीच्या नोंदी घेऊन वंशवृक्ष काढावा. दोन टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळी प्रजाती, हा ढोबळ अंदाज आहे, नियम नव्हे. शिवाय मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, त्यामुळे संकराचा संशय असल्यास केंद्रकातले एखादे जनुकही तपासावे लागते.

दोन्ही पुरावे एकत्र वाचण्याचे चांगले उदाहरण आपल्याकडचेच आहे. निळ्या ठिपक्यांचे मुखवटाधारी पाकट भारतात बराच काळ निओट्रायगॉन कुहली या नावाने नोंदवले जाई; 2018 मध्ये मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या संशोधकाचा सहभाग असलेल्या गटाने निळ्या ठिपक्यांची संख्या व आकार आणि सीओआयचा क्रम शेजारी ठेवून निओट्रायगॉन इंडिका ही वेगळी प्रजाती मांडली.

शरीर एक नाव सांगते आणि डीएनए दुसरे, असे झाल्यास प्रथम बाटलीचा क्रमांक तपासावा, मग फोटो पुन्हा पाहावेत आणि शेवटी तुकडा पुन्हा वाचून घ्यावा. तरीही मेळ बसला नाही तर नोंदवहीत केवळ वंशाचे नाव लिहून पुढे ‘प्रजाती अनिश्चित’ असे नमूद करावे, आणि फोटोंचे क्रमांक, चकतीची रुंदी, लिंग, बंदर, जाळ्याचा प्रकार व तारीख त्याच ओळीत लिहावी.