वावरातल्या हळकुंडापासून अंगाच्या उटण्यापर्यंत

लग्नघरी हळदीचा दिवस म्हणजे बायांचा दिवस. पाटावर नवरदेव बसतो, आंब्याच्या पानानं पाय, गुडघे, खांदे, कपाळ अशी हळद चढत जाते आणि उरलेली उष्टी हळद नवरीकडं रवाना होते. नव्या लुगड्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावल्याशिवाय आमच्या घरात घडी मोडत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तर दारोदारी हळदीकुंकूच. पण एरवी अंगाला, केसांना हळद लावायची म्हटली की चुका होतात, आणि बहुतेक चुका हळद जास्त घेतल्यानं होतात. आजी म्हणायची, "हयद चिमूटभर घे, पोरी. जास्त लावशीन त पिवयी दिसशीन."

आधी हळद पारखून घ्या

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद आपल्या विदर्भाची. तिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंगानं गडद, वासाला तेज. ती मिळाली तर उत्तमच, नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घ्या. हळद काढल्यावर उकडतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग घासून चकचकीत करतात. अंगाला लावायला हा शेवटचा चकचकाट नसला तरी चालतं. हळकुंड मोडलं की कट्‌कन आवाज यावा आणि आत गडद केशरी-पिवळा रंग दिसावा. नरम लागलं तर नीट वाळलेलं नाही, त्याला बुरशी धरते.

हळकुंडं फोडून खलबत्त्यात कुटा, मग मिक्सरमधून काढा आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळा. खरखरीत कण राहिले तर चेहऱ्यावर ओरखडे उठतात.

तयार भुकटीच घ्यायची असेल तर एक परीक्षा करा. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चमचाभर हळद टाका आणि न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते, वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला असू शकतो. एका लग्नात आम्ही आठवडी बाजारातली सुटी हळद घाईत आणली. नवरीच्या गळ्यावर, कानामागं लाल पुरळ उठलं आणि बोहल्यावर उभी राहीपर्यंत बिचारी खाजवत होती. त्या दिवसापासून ग्लासातली परीक्षा केल्याशिवाय मी कोणाच्या अंगाला हळद लावू देत नाही. लेड क्रोमेट नावाचा शिशाचा रंगही हळदीत मिसळतात. तो विषारी आहे आणि घरी नेमका पकडणं अवघड, म्हणून अख्खी हळकुंडं घेऊन आपल्या हातानं दळणंच मला पटतं.

मग हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहा

कोपराच्या आत बोटभर लेप लावा, धुवा आणि एक दिवस थांबा. खाज, लाली, आग काही झालं तर ती हळद तुमच्यासाठी नाही. घरची, देवाची, कितीही शुद्ध असली तरी हळदीचीही काहींना ॲलर्जी असते.

अंगाचं उटणं

हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारं द्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. आपल्या आज्या साय किंवा तेल घालूनच हळद कालवायच्या, ते उगाच नाही.

दोन चमचे हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाव चमचा हळद, एक चमचा साय आणि लागेल तसं दूध घ्या. गुठळी राहू देऊ नका. डोळ्यांभोवतीची जागा सोडून लावा. दहा-पंधरा मिनिटांनी, पूर्ण वाळायच्या आधी, ओल्या हातानं गोल फिरवत काढा. कडक वाळलेलं ओरबाडू नका. लिंबू पिळायचा मोह आवरा, लिंबू लावून आपल्या उन्हात निघालं तर कातडी भाजते. आठवड्यातून एकदा पुरे, तेही संध्याकाळी.

साबण लावल्यावर हळद लालसर दिसली तर घाबरू नका. साबणातल्या क्षारानं हळद लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत ह्याच गुणावर चालते.

कापूस वेचून बोंडाच्या टोकांनी बोटं खरचटतात, टाचा तर काळ्या मातीसारख्या भेगाळतात. त्यासाठी रात्री पाय धुवून, कोरडे करून, चमचाभर तुपात चिमूट हळद कालवून भेगांत भरा आणि जुने मोजे घाला. चार-पाच रात्रींत टाच मऊ पडते. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर मात्र दवाखाना गाठा. भाजलेल्या जागेवर आणि तान्ह्या बाळाच्या नाळेवर हळद कधीच नाही. भाजलं तर वाहतं गार पाणी, आणि नाळ कोरडी, स्वच्छ ठेवायची.

केसांसाठी

हळदीनं केस लांब होतात असं मी सांगणार नाही. टाळूला मात्र तेलासोबत चालते. दोन चमचे तिळाचं किंवा खोबरेल तेल कोमट करा, आचेवरून उतरवा आणि मगच चिमूट हळद टाका. आचेवर टाकली तर करपते. पाच मिनिटं बसू द्या, वरचं निवळ तेल बोटांनी टाळूला चोळा. अर्ध्या तासानं रिठा-शिकेकाईनं धुवा. पांढरे केस असतील तर हा प्रयोग टाळा, पिवळी छटा बसते.

जखमेवर हळद ही आपल्या घरोघरची गोष्ट, पण अमेरिकेत 1995 मध्ये तिच्या जखम भरण्याच्या वापरावर पेटंट दिलं गेलं होतं! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने दाखले पुढं केले आणि 1997 मध्ये ते रद्द करवून घेतलं. आजीचा हा वापर तेव्हा कागदोपत्री सिद्ध करावा लागला.

डाग काढायचे तर

अंगावरची पिवळी छटा खोबरेल तेल चोळून पुसली की निघते. कपड्याला लागली तर धुवून ओला कपडा कडक उन्हात टाका. उन्हानं हळदीचा रंग उडतो. एका उन्हात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. त्या लग्नातली माझी पांढरी ओढणी तिसऱ्या उन्हात पांढरी झाली.