डांबराच्या गोळ्या आणि प्रेमानं पुसलेल्या गाड्या : डायकास्ट जमवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ठाण्याच्या कट्ट्यावर, म्हणजे डायकास्ट (साच्यात जस्ताचा मिश्रधातू ओतून केलेल्या छोट्या) गाड्या जमवणाऱ्यांच्या बैठकीत, एक मुलगा चपलांच्या खोक्यात अकरा गाड्या घेऊन आला. गाड्यांच्या खिडक्या धुरकट झालेल्या, दोघींचं बूड बोटाला चिकटत होतं. "पडल्या नाहीत, कुणी खेळलंही नाही. दोन वर्षं कपाटात होत्या," तो रडवेला होऊन सांगत होता. आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी खोकं नाकाजवळ नेलं आणि विचारलं, "डांबराच्या गोळ्या कुणी टाकल्या रे?" आईनं टाकल्या होत्या. कसर लागू नये म्हणून.

इतक्या वर्षांत मी गाड्यांचं जे नुकसान पाहिलं, त्यात हातातून पडून झालेलं फार थोडं. लहान भाच्यानं केलेलं त्याहून थोडं. बाकी सगळं आपणच, काळजी घेता घेता केलेलं. माझंही त्यात भरपूर आहे.

गोळ्यांचं आधी सांगतो. नॅफ्थलिनची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकला मऊ करते, आणि गाड्यांच्या काचा, बंपर, प्रदर्शनी डब्या अनेकदा त्याच प्लास्टिकच्या असतात. कापराचाही मोह नको. कसरीची भीती मात्र खरी आहे. ती जस्त खात नाही, पण ब्लिस्टरमागचं, म्हणजे गाडीवरच्या पारदर्शक प्लास्टिकच्या वेष्टनामागचं, पुठ्ठ्याचं कार्ड आवडीनं खाते. त्यावर उपाय घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि महिन्यातून एकदा डबा उघडून बघणं. झालेली धुरकट काच पुन्हा लख्ख होत नाही. पॉलिश घासलं तर आणखी बिघडते.

नव्या शोकेसची घाई

ही माझी चूक, त्यामुळे जरा सविस्तर. हौसेनं चार फुटी काचेची शोकेस करून घेतली. कारागीर दुपारी गेला आणि मी संध्याकाळीच गाड्या लावल्या. आत हलकासा आंबूस वास होता, व्हिनेगरसारखा. नव्या वस्तूचा वास असेल म्हणून सोडून दिलं. गणपतीत घरच्यांना दाखवायला गाड्या बाहेर काढल्या, तर धातूच्या उघड्या बुडांवर पांढरी भुकटी. मला वाटलं बुरशी. ओल्या फडक्यानं पुसली. पंधरा दिवसांत दुप्पट झाली.

तो वास ॲसिटिक ॲसिडचा होता. काच जोडायचं स्वस्तातलं सिलिकॉन सुकताना हेच आम्ल सोडतं. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) आणि काही लाकडंही थोड्या प्रमाणात सोडत राहतात. बंद पेटीत त्याला बाहेर जायला वाट नाही, वर ठाण्या-मुंबईची पावसाळी दमट हवा, आणि आत जस्ताच्या गाड्या. पांढरी भुकटी म्हणजे जस्ताचा गंज. तिला पाणी लावणं म्हणजे गंजाला खतपाणी घालणं.

शोकेस करून घेताना 'न्यूट्रल' सिलिकॉन मागा. दुकानात मिळतं, थोडं महाग पडतं. ते शक्य नसेल तर पेटी दोन-तीन आठवडे उघडी ठेवा, नाक आत घालून वास घ्या, आणि वास पूर्ण गेल्यावरच गाड्या लावा. भुकटी आलीच असेल तर कोरड्या मऊ ब्रशनं झटका, गाडी कोरड्या जागी हलवा. तिथून पुढं फक्त लक्ष ठेवायचं. आत एक छोटा आर्द्रतामापक ठेवला तर अंदाजपंचे कारभार थांबतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की पुरे. जुलैत आपल्याकडे बाहेर ती ८० च्या वर असते, म्हणजे सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून वर्षभर निर्धास्त राहता येत नाही. रंग बदलणारं जेल घ्या आणि रंग बदलला की तापवून वाळवा. कढईत तापवणार असाल तर ती कढई पुन्हा भजीला नको.

भुकटी, पुरळ की कीड?

गाडीवर काही उमटलं की कट्ट्यावर पहिला घाबरा प्रश्न येतो, "झिंक पेस्ट तर नाही ना?" (टूथपेस्टमधली पेस्ट नव्हे. ही पेस्ट म्हणजे कीड. आम्ही सरळ जस्ताची कीड म्हणतो.) निदान करण्याआधी तीन वेगळी दुखणी ओळखावी लागतात.

भुकटी उघड्या धातूवर येते आणि झटकली की जाते. तिचं वर झालं. पुरळ रंगावर येतं. टाचणीच्या टोकाएवढे बारीक फोड, बरेचदा गाडीला फोम किंवा प्लास्टिक चिकटून राहिलं असेल तिथं. खालचा धातू शाबूत असतो. भिंगातून पाहिलं तर रंगाला भेग नसते. गाडी त्या वेष्टनातून काढून कोरड्या हवेत ठेवली की पुरळ वाढायचं थांबतं, कधी कधी थोडं बसतंही.

कीड मात्र धातूच्या पोटात असते. डायकास्ट गाड्या झॅमॅकच्या ओततात. जस्त मुख्य, सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, थोडं मॅग्नेशियम आणि तांबं. धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जुळवून हे नाव झालं. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीनं हा मिश्रधातू आणला, तोच ९९.९९ टक्के शुद्ध जस्ताच्या जोरावर. त्यात शिसं किंवा कथील शिरलं, मग ते भट्टीत पडलेल्या भंगारातून का असेना, तर धातूचे कण आतून सुटू लागतात, धातू फुगतो, तडकतो. दार घासायला लागतं, बॉनेट बसत नाही, चासिस केळ्यासारखी वाकते, मग जाळीदार भेगा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या गाड्या यासाठी बदनाम आहेत. पण अलीकडच्या महागड्या मॉडेलनाही हे झालेलं मी पाहिलंय.

यावर औषध नाही. फेविक्विक घालू नका, रंग काढून पुन्हा रंगवू नका. गारवा आणि कोरडेपणा मिळाला तर कीड सावकाश वाढते, इतकंच. आणि ती संसर्गजन्य नाही. एका सभासदानं कीड लागलेल्या गाडीसोबत तिच्या शेजारच्या सहा धडधाकट गाड्याही घाबरून विकून टाकल्या. मी त्यातल्या दोन घेतल्या. अजून ठणठणीत आहेत.

टायर वितळले, उन्हानं रंग उडाला

मऊ टायरमधलं प्लास्टिक नरम ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षं पाझरत राहतं आणि खालच्या प्लास्टिकच्या तळाला खड्डे पाडतं. काहींना वाटतं उन्हानं टायर वितळले. ऊन त्याला हातभार लावतं, पण गाडी एकाच जागी दाबून बसणं हे खरं कारण. प्रत्येक चाकाखाली पॉलिएस्टर शीटचा, म्हणजे मायलारचा, नखाएवढा तुकडा ठेवा. किंवा चासिसखाली छोटा ठोकळा देऊन चाकं केसभर उचला. त्यामुळे दुसराही प्रश्न सुटतो. रस्त्याला लागून घर असेल तर ट्रकच्या हादऱ्यानं गाड्या हळूहळू पुढं सरकतात आणि एका रात्री खाली येतात. ब्लू टॅकसारखी पुटी नको, तिचा तेलकट डाग राहतो.

खिडकीसमोर शोकेस नको, एवढं सगळ्यांना माहीत असतं. तरी सगळ्यांचीच असते, कारण टू बीएचकेत दुसरी भिंत नसते. मग निदान पडदा जाड घ्या आणि लाल गाड्या आतल्या बाजूला लावा. लाल आधी उडतो. एलईडी पट्टी चालते, पण तिचा ॲडॉप्टर पेटीबाहेर हवा.

पुसण्याबद्दल थोडक्यात: मेकअपचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी फुगा. बस. काच पुसायचा निळा फवारा, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. छापलेले आकडे आणि स्टिकर सगळ्यात आधी जातात.

स्केलचा गोंधळ

एका ओळीत सगळं मांडलं की काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही, ही नवख्यांची तक्रार. उत्तर भागाकारात आहे. आपली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी सुमारे ३.९ मीटरची. १:६४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शात, ती ६ सेंटिमीटरहून जरा मोठी, १:४३ मध्ये ९, १:१८ मध्ये साधारण २२. म्हणजे शोकेसची फळी किती खोल हवी, हे गाड्या घेण्याआधी ठरवता येतं. आता हॉट व्हील्सच्या साध्या गाड्या बघा. सगळ्या एकाच ब्लिस्टरमध्ये बसाव्या लागतात, त्यामुळे छोटी हॅचबॅक आणि मोठा ट्रक जवळपास एकाच लांबीचे निघतात. त्यांना १:६४ म्हणायची पद्धत आहे, पण ती ढोबळच. काटेकोर १:६४ ची टॅक्सी शेजारी ठेवली की हॉट व्हील्सचा ट्रक बाळसं न धरलेला वाटतो. दोन्ही ठेवा, फळ्या वेगळ्या करा.

१:४३ हा विचित्र आकडा आला कुठून, हे काकांचं आवडतं व्याख्यान. ब्रिटिश 'ओ गेज' नावाच्या खेळण्यातल्या रेल्वेचं प्रमाण एका फुटाला ७ मिलिमीटर. भागून बघा, ४३.५ येतं. आगगाडीच्या फलाटाबाहेर उभ्या करायला म्हणून छोट्या मोटारी झाल्या आणि तेच प्रमाण पुढं टिकलं. काका रेल्वेतच होते, त्यामुळे हे सांगताना त्यांची छाती जरा फुगते.

घेताना

हॉट व्हील्सच्या साध्या गाड्यांत मिसळून येणाऱ्या दुर्मीळ गाड्यांना ट्रेझर हंट म्हणतात. त्या १९९५ पासून आहेत, सुपर ट्रेझर हंट २००७ पासून. सुपरला चकचकीत स्पेक्ट्राफ्लेम रंग, रबरी टायर आणि गाडीवर 'टीएच' अक्षरं. साध्या ट्रेझर हंटवर वर्तुळातल्या ज्वाळेची खूण. फसवणूक दोन ठिकाणी होते. एक, साधी गाडी खोलून तिची चाकं बदलतात, रंग देतात. बुडाचे रिव्हेट भिंगानं पाहा. ड्रिल केलेलं, स्क्रू घातलेलं किंवा गोंद भरलेलं असेल तर गाडी उघडली गेली आहे. दोन, ब्लिस्टर उचकटून पुन्हा चिकटवतात. कडेला कार्डाचे तंतू उठलेले दिसतात.

जुन्यांमध्ये 'लिओ मॅटेल' खुणेच्या भारतात बनलेल्या हॉट व्हील्स, आणि डिंकीच्या निवृत्त साच्यांतून कोलकात्यात ओतलेल्या 'निकी टॉइज' घरोघरी पडलेल्या सापडतात. त्यांच्या बाबतीत चूक एकच होते: आजोबांच्या पेटीतून निघाली की लोक पहिल्या उत्साहात रंग देतात. देऊ नका. खपल्या उडालेला मूळ रंग नव्या रंगापेक्षा कितीतरी मोलाचा.

परदेशातून मागवताना विक्रेता म्हणतो, "गिफ्ट लिहून पाठवतो." नको म्हणा. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरिअरनं 'गिफ्ट' म्हणून शुल्क न भरता माल आणणं बंद आहे. सूट आहे ती फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. दोन हजारांची गाडी दारात येईपर्यंत किती होते, याचा हिशेब आधी करा.

आणि प्री-ऑर्डर. एकदा एका विक्रेत्याकडं आम्ही नऊ जणांनी मिळून पूर्ण पैसे आगाऊ भरले. गाड्या चौदा महिन्यांनी आल्या, त्याही सहाच. तेव्हापासून कट्ट्याचा नियम आहे: आगाऊ रक्कम चौथा हिस्सा, बाकी माल हातात आल्यावर, आणि ग्रुपवर 'माझी' असं लिहिलेली गाडी चोवीस तासांत नक्की केली नाही तर ती पुढच्या माणसाची.

कट्ट्याच्या टेबलावर

नेताना गाडीला बबल रॅप थेट गुंडाळू नका. रंगावर फुग्यांचे गोल ठसे उमटतात, ते जात नाहीत. आधी मऊ टिश्यू, मग बबल, फुगे बाहेरच्या बाजूला. मे महिन्यात खोकं खऱ्या गाडीच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका. दुसऱ्याची गाडी विचारल्याशिवाय उचलू नका, उचललीच तर छपरावरून नको, दोन्ही बाजूंच्या चाकांशी धरा. बाजूचे आरसे सर्वात आधी तुटतात, आणि तुटल्यावर "हे आधीच असं होतं" हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येतं.

पोरांसाठी 'हात लावू नका'ची पाटी आम्ही दोन वर्षं लावून पाहिली. पोरं पाटी वाचूनच हात लावतात. आता टेबलाच्या कडेला, त्यांच्या उंचीवर, ओरखडे पडलेल्या तीस-चाळीस सुट्या गाड्यांची एक परडी असते आणि खाली फरशीवर खडूनं काढलेला रस्ता. तेव्हापासून वरच्या टेबलाकडं त्यांच्यातलं कुणी फारसं फिरकत नाही. परडीतल्या गाड्या कमी होतात अधूनमधून. ते गृहीतच धरलंय.