अमर आणि चिरंजीव यातला फरक डोक्यात कसा आणायचा

लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी चि. छापतात ना, तिथून सुरुवात करा. चिरंजीव म्हणजे खूप काळ जगणारा आणि अमर म्हणजे ज्याला मरणच नाही तो, आपण दोन्ही एकच धरून चालतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. अश्वत्थामाच घ्या, तो कायमचा भटकतोय असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय पण महाभारतात सौप्तिक पर्वात कृष्णाने दिलेला शाप 3000 वर्षांचा आहे. आकडा आला म्हणजे शेवट आला.

मग आकडा मोठा करत जा, अजिबात हात आखडू नका. ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, रात्र तेवढीच, अशा 360 दिवसरात्रींचं एक वर्ष आणि अशी 100 वर्षं, मोबाईलवर गुणून बघा, 311 लाख कोटी वर्षं येतात. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, ब्रह्मदेवाच्या घड्याळात त्याला अर्धा ताससुद्धा झालेला नाही. तरी ब्रह्मदेवाचंही आयुष्य संपतंच.

आता खरी पायरी, इथे घाई करू नका. रात्री झोपताना स्वतःला विचारा, उरलं किती? 311 लाख कोटीवाल्याचं आज एक दिवसाने कमी झालं. अमर माणूस मात्र शंभर कोटी वर्षं जगून झाला तरी त्याचं पहिल्या दिवशी होतं तेवढंच उरलेलं असतं, एक दिवससुद्धा खर्च होत नाही. हे नीट समजेपर्यंत चार-पाच रात्री करा, मला तर महिना लागला.

लोक इथे चुकतात कुठे तर मित्र मरतील, कंटाळा येईल, जग बदलेल हेच धरून बसतात. अहो हे सगळं दहा हजार वर्षं जगणाऱ्यालाही भोगायचंय, त्यामुळे ते बाजूला ठेवा. आणि नको झालं की मरता येईल अशी सोय मनात ठेवून विचार करत असाल तर ते अमरत्व राहत नाही, फक्त तारीख न ठरलेलं लांब आयुष्य झालं.

कोरडे आकडे जमत नसतील तर साताऱ्याजवळच्या कास पठारावर जा. तिथलं टोपली कारवीचं झुडूप साधारण 7 वर्षांनी एकदा फुलतं. 70 वर्षांच्या आयुष्यात दहा फुलोरे, त्यात लहानपणीचे एकदोन आठवतही नाहीत. लाख वर्षं जगलात तर चौदा हजारावर फुलोरे, पण त्यातला एक तरी शेवटचा असणारच. अमर माणसाला शेवटचा फुलोरा कधीच दिसणार नाही.

माझी आजी जन्मभर साताऱ्यात राहिली, कास तिथून 25 किलोमीटरवर, तरी तिने कारवी दोनदाच बघितली. दुसऱ्या वेळी 84 वर्षांची होती, पाऊस भुरभुरत होता, आम्ही गाडीत बसा म्हणून मागे लागलो तर म्हणाली, "थांबा रे, पुढच्या वेळेला मी नसंन, नीट बघू द्या." चष्म्याची काच पदराने पुसत पुसत अर्धा तास त्या जांभळ्या झुडपांसमोर उभी होती. तुम्ही कासला गेलात की तसंच उभं राहा, आधी हा फुलोरा परत दिसणार नाही असं धरून बघा, मग असे कितीही येणार आहेत असं धरून बघा आणि दोन्ही वेळेला किती मिनिटं थांबावंसं वाटलं ते घड्याळात मोजा.